जुन्या कादंबऱ्यांमधल्या बायकांचा छळ आज कसा वाचायचा

अभ्यासाला लावलीय म्हणून किंवा कोणीतरी वाच वाच म्हणून मागे लागलंय म्हणून आपण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची एखादी कादंबरी हातात घेतो, त्यातल्या मुलीचं खेळायच्या वयात लग्न होतं, सासरी बोलणी खाते, नवरा जातो, डोक्यावरचे केस काढतात, आणि शेवटी आपण पुस्तक मिटून म्हणतो बाप रे काय दिवस होते, बरं झालं आपण तेव्हा जन्मलो नाही. मला हे वाचणं फार वाया गेल्यासारखं वाटतं. ती पुस्तकं दया येण्यासाठी लिहिलेलीच नाहीत, एखाद्या माणसाला घराच्या आत, सगळ्यांच्या देखत, कोणालाच फारसं वाईट न वाटता कसं दाबून ठेवता येतं हे त्यात पायरी पायरीने दाखवलंय, आणि त्यातल्या बऱ्याचशा पायऱ्या आजही जागच्या जागी आहेत. त्या दिसायला हव्यात तर वाचायचं कसं, ते सांगते.

आधी पुस्तक निवडा. मी मराठी वाचकाला डोळे झाकून ‘पण लक्षात कोण घेतो’ सांगेन. हरिभाऊ आपट्यांची ही कादंबरी आधी त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती, करमणूक सुरू झालं १८९० मध्ये, आणि पुस्तकरूपात ती आली १८९३ मध्ये. यमू नावाची मुलगी स्वतःच स्वतःची गोष्ट सांगते, माहेर, लग्न, सासर, नवऱ्याबरोबरचे मुंबईतले चांगले दिवस आणि मग वैधव्य. पुरुषाने बाईच्या तोंडून लिहिलीय हे सतत लक्षात ठेवायचं, त्याबद्दल पुढे बोलू.

संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका प्लीज. संक्षेप करणारा माणूस लग्न ठेवतो, मृत्यू ठेवतो, केशवपन ठेवतो, आणि मधलं घरगुती बोलणं, कोण आधी जेवलं, कोणाला कोणासमोर बोलायची चोरी, कोणी कोणाकडे बघून नाक मुरडलं हे सगळं कापून टाकतो. छळ तर तिथेच असतो! मोठे प्रसंग हे त्या बारीक बारीक गोष्टींचं शेवटचं टोक आहे. आपटे १९१९ मध्ये वारले, त्यामुळे कॉपीराइटचा प्रश्न राहिलेला नाही, पूर्ण पुस्तक मिळवायला अडचण येऊ नये.

भाषा सुरुवातीला जड जाते, वाक्यं लांबलचक, आणि जुनी छपाई असेल तर घरांत, माझें, तेव्हां असे अनुस्वारच अनुस्वार. त्यावर सोपा उपाय म्हणजे मोठ्याने वाचायचं. पहिली चाळीस-पन्नास पानं मोठ्याने वाचलीत की कान सरावतो, मग यमू लिहीत नाहीये, बोलतेय असं वाटायला लागतं. आणि एका दमात संपवायची नाही. साप्ताहिकात वाचणाऱ्यांना पुढचं प्रकरण मिळायला थांबावं लागायचं, मधल्या दिवसांत घराघरात त्यावर बोलणं व्हायचं, तेव्हा तुम्हीही आठवड्याला थोडी थोडी वाचा. थांबल्यावर ती डोक्यात राहते आणि मग आजूबाजूचं दिसायला लागतं.

वही कशी करायची

पहिल्या वाचनात पेन लांब ठेवा. नुसती वाचा, रडू आलं तर रडा. दुसऱ्यांदा वाचताना वही घ्या आणि प्रत्येक प्रकरणासाठी मोजके चारच प्रश्न लिहा. पैसा कोणाच्या हातात आहे. घराबाहेर पडायचं तर ती कोणाला विचारते. तिच्या शरीराबद्दलचा निर्णय, म्हणजे लग्न, मूल, केस, कपडे, उपास, हे कोण ठरवतंय. आणि ती काही बोलली तर तिचं बोलणं कोण खरं मानतं. बास. थीम, प्रतीकं, निसर्गवर्णन वगैरे परीक्षेला ठेवा.

हे चार प्रश्न मी का म्हणते, तर रूढी बदलतात, पेहराव बदलतात, पण या चार गोष्टी कोणाच्या ताब्यात आहेत यावरून बाईची घरातली जागा शंभर वर्षांपूर्वीही कळायची आणि आजही कळते. यमूच्या कुठल्याही प्रकरणात ही चार उत्तरं लिहा, आणि मग शेजारच्या कोऱ्या पानावर तुमच्या ओळखीतल्या एखाद्या आजच्या घराची लिहा (नाव लिहू नका, वह्या इकडेतिकडे पडतात). पगार तिचा, एटीएम कार्ड कोणाकडे? माहेरी जायचंय, तर आधी कोणाचा मूड बघायचा? दुसरं मूल कधी, हे कोणी ठरवलं? सासऱ्यांनी काही अंगचटीचं केलं असं ती म्हणाली, तर घरातले पहिल्यांदा काय बोलले? ही दोन पानं शेजारी ठेवून वाचलीत की मी काय म्हणतेय ते मला जास्त समजावून सांगायला लागणार नाही.

खलनायकावर सगळं ढकलू नका

या कादंबरीत शंकरमामंजी आहेत. दुष्ट, ढोंगी, धर्माचं नाव पुढे करणारा माणूस. त्याचा राग येतो, यायलाच हवा. पण तो राग आला की आपण मोकळे होतो ना, की हा माणूस वाईट होता म्हणून असं झालं. इथे थांबायचं आणि त्या प्रसंगात आणखी कोण कोण आहे ते वहीत लिहायचं. यमूचा नवरा रघुनाथ गेल्यावर तिचं जबरदस्तीने केशवपन होतं, तिची इच्छा नाही हे सगळ्यांना माहीत असतं. आता विचार करा, असली गोष्ट एकटा माणूस करूच शकत नाही. कोणीतरी ठरवावं लागतं, कोणीतरी लोक काय म्हणतील हे बोलून दाखवावं लागतं, कोणीतरी तिला धरून बसवावं लागतं, कोणीतरी वस्तरा चालवावा लागतो, आणि सगळ्यात जास्त माणसं लागतात ती दुसऱ्या खोलीत गप्प बसायला. ही शेवटची यादी नीट करा. त्यातले बरेच जण एरवी चांगले असतात, यमूवर माया करणारे असतात.

याच्याच बाजूला एक खरी घडलेली गोष्ट लिहून ठेवा. १८९० मध्ये, म्हणजे हरिभाऊंचं करमणूक सुरू झालं त्याच वर्षी, कामगार चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांचे केस आम्ही काढणार नाही असं त्यांनी ठरवलं. मला ही घटना फार मोठी वाटते. शास्त्री वाद घालत होते, सुधारक लेख लिहीत होते, आणि ज्यांच्या हातात वस्तरा होता ती माणसं म्हणाली आमच्याने होणार नाही. साखळीतला एक जण जरी बाजूला झाला तरी पुढचं अवघड होतं. कादंबरी वाचताना म्हणूनच प्रत्येक प्रसंगाला विचारायचं की इथे नाही कोण म्हणू शकत होतं आणि त्याला नाही म्हणायची काय किंमत पडली असती. आजच्या प्रसंगालाही हाच प्रश्न. साखरपुड्यात मुलीकडच्यांना यादी वाचून दाखवली जाते तेव्हा त्या खोलीत वीस माणसं असतात, त्यात मुलाचा शिकलेला मित्र असतो, आत्या असते, कधी कधी आपण असतो.

सासू-नणंदांबद्दलही हेच. बाईच बाईची शत्रू हे वाक्य वहीत लिहायला मी बंदी घालेन, कारण ते लिहिलं की विचार तिथेच संपतो. त्याऐवजी बघा की त्या म्हाताऱ्या बाईच्या हातात आयुष्यभरात कुठली सत्ता आली. पैसा नाही, शिक्षण नाही, बाहेर जाणं नाही, नवऱ्यासमोर बोलणं नाही, एक स्वयंपाकघर आणि एक सून. सून तिच्या ताब्यातून गेली तर तिच्याकडे उरतं काय? याने ती सुटत नाही, तिने केलेला छळ हा छळच आहे, पण तिला तिथे उभं कोणी केलं हे दिसतं.

चांगल्या नवऱ्याचं काय करायचं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि यावर लोक पटकन पुढे जातात. रघुनाथ चांगला आहे. बायकोला शिकवतो, तिच्याशी माणसासारखं बोलतो, मुंबईचे ते दिवस वाचताना आपल्यालाही बरं वाटतं. मग तो मरतो, आणि एका रात्रीत तिच्याकडे काहीच राहत नाही. वाचन, मोकळेपणा, मैत्रिणी, स्वतःचे केससुद्धा नाहीत. वहीत त्या सुखाच्या प्रकरणांपुढे लिहून ठेवा की यातलं तिचं स्वतःचं काय होतं. सगळं त्याच्या चांगुलपणावर उभं होतं, तो गेला आणि ते गेलं. यमूची मैत्रीण दुर्गी, तिला वाईट नवरा मिळालाय, आणि तिचे हाल तो जिवंत असतानाच होतात. या दोघींना शेजारी शेजारी ठेवून वाचलं की कळतं की हरिभाऊंनी दोन वेगळ्या नशिबांची गोष्ट लिहिलेली नाही. दोघींचंही आयुष्य दुसऱ्याच्या स्वभावावर चाललंय, एकीचा नवरा चांगला निघाला आणि एकीचा वाईट, फरक एवढाच.

आता आज बघा. आमच्याकडे सुनेला सगळी मोकळीक आहे, नोकरी करते, ड्रेस घालते, आम्ही काही म्हणत नाही. हे सांगणारी माणसं मनापासून सांगत असतात आणि खरंच प्रेमळ असतात. पण घर तिच्या नावावर आहे का, खात्यात तिच्या एकटीच्या सहीने निघतील असे पैसे आहेत का, उद्या नवऱ्याला काही झालं किंवा त्याचं मन फिरलं तर ती त्याच घरात त्याच मोकळिकीने राहील का? हे प्रश्न विचारणं म्हणजे चांगल्या माणसांवर संशय घेणं अजिबात नाही. चांगल्या माणसाला तर आनंदच व्हायला हवा की बायकोची सुरक्षितता आपल्या मूडवर अवलंबून नाही.

कायद्यांची टाइमलाइन शेजारी ठेवा

वहीच्या शेवटच्या पानावर सनावळी लिहा, कंटाळा करू नका. १८५६, विधवा पुनर्विवाहाचा कायदा. १८५७, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, विधवांच्या हालांवरची कादंबरी, तिच्या नायिकेचंही नाव यमुनाच. १८८२, ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’. १८८७, रखमाबाईंचा खटला. १८८९, पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, विधवांना शिकवणारी शाळा. १८९१, संमतिवयाचा कायदा, म्हणजे मुलीशी शरीरसंबंध कुठल्या वयापासून चालतो ते ठरवणारा, वय दहावरून बारावर, आणि तेवढ्यासाठी पुण्यात केवढा गदारोळ. १८९३, धोंडो केशव कर्व्यांचा विधवेशी पुनर्विवाह. १९२९, मुलीचं लग्नाचं वय चौदा.

हे लिहिलं की दोन गोष्टी दिसतात. एक, यमूची गोष्ट छापली जात होती तेव्हा विधवेने पुन्हा लग्न करणं कायदेशीर होऊन चौतीस वर्षं झाली होती. कायदा होता, घराच्या उंबऱ्याबाहेर उभा होता, आत घेतला नव्हता कोणी. आज तसे किती उभे आहेत मोजा. हुंडाबंदी १९६१ ची. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क, तोही २००५ च्या दुरुस्तीने, आणि तरी वडील गेल्यावर भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतो आणि बहीण सही करते, कारण सही नाही केली तर माहेर तुटेल. भांडण नको, भाऊबीज चालू राहू दे, म्हणून जमिनीवरचा हक्क सोडला जातो. ही सही मला थेट हरिभाऊंच्या पानातली वाटते, कोणी हात धरलेला नसतो, सगळे प्रेमाने बोलत असतात, चहा झालेला असतो.

दुसरी गोष्ट रखमाबाईंची. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, मार्च १८८७ मध्ये निकाल आला की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि त्या म्हणाल्या मी तुरुंगात जाईन. पुढे १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन वर्षानुवर्षं काम केलं. कोणी चर्चेत म्हणालं की अहो त्या काळी असंच होतं, त्यांना कुठे काही वेगळं माहीत होतं, तर रखमाबाईंचं नाव घ्या. माहीत होतं. नकार देणाऱ्या बायका तेव्हाही होत्या, त्यांना काय सोसावं लागलं तेही लोकांनी पाहिलं होतं.

देवलांचं ‘शारदा’ नाटकही याच वहीत घ्या, १८९९ चं. पैशासाठी कांचनभट आपल्या मुलीचं लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लावायला निघतो. हे लग्न अडतं कशामुळे ते बघा. मुलगी नको म्हणते म्हणून अडत नाही. नवरा-नवरी सगोत्र निघतात म्हणून अडतं. तिच्या नकाराला वजनच नाही, गोत्राला आहे. आजही लग्न मोडायला पत्रिका चालते, जात चालते, देण्याघेण्यावरून बिनसलेलं चालतं, आणि मला नाही आवडला एवढंच मुलीने म्हटलं तर कारण विचारतात.

पुस्तकात कोण नाहीये

हा प्रश्न न विचारता जुनं साहित्य वाचलं तर अर्धंच दिसतं. हरिभाऊंचं जग पांढरपेशा ब्राह्मण घरांचं आहे. केशवपन ही मुख्यतः त्याच घरांतली रूढी. त्या घरात पाणी कोण भरत होतं, अंगण कोण झाडत होतं, शेतात कोण राबत होतं, त्या बायकांना लाज आणि अब्रू हे शब्द तरी वापरायची मुभा होती का, हे त्या पानांत नाही. त्यासाठी दुसरीकडे जावं लागतं. १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला, त्यात आपल्या जातीच्या बायकांच्या बाळंतपणाच्या हालांबद्दल ती लिहिते. ती तेव्हा चौदा वर्षांच्या आसपासची. हा निबंध फार मोठा नाही, एका बैठकीत वाचून होतो, आणि यमूच्या आधी वाचलात तर उत्तमच. पुढे विभावरी शिरूरकरांची ‘बळी’, १९५० ची, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना जिथे डांबून ठेवत त्या सेटलमेंटमधल्या माणसांवरची, तीही घ्या. छळ सगळीकडे एकाच आकाराचा नसतो. एका घरात बाईला कोंडून ठेवतात, दुसरीला कोंडायला घरच नसतं, तिला रस्त्यावर कोणीही हात लावतो आणि तक्रार लिहून घ्यायला कोणी तयार नसतं. आजच्या चर्चेत बायका म्हणजे सगळ्या सारख्या असं धरून बोललं की हे निसटतं.

आणि मघाशी म्हटलं तसं, यमू पुरुषाने लिहिली. हरिभाऊंनी फार मनापासून लिहिली, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण शेजारी बायकांनी स्वतः लिहिलेलं ठेवा. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० च्या, त्यात नवरा शिकवतोय आणि घरातल्याच बायका त्यावरून बोलणं टाकतायत हे आहे. पार्वतीबाई आठवल्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ ची, त्यांचं स्वतःचं केशवपन झालेलं होतं आणि पुढे त्यांनी ठरवून केस पुन्हा वाढवले. कादंबरीतली यमू झिजत जाते. पार्वतीबाई कर्व्यांच्या विधवांसाठीच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या, परदेशातही गेल्या. लेखकाला नायिकेचं दुःख दाखवायचं असतं, त्यामुळे तिचं मरण त्याला उपयोगी पडतं. खऱ्या बायकांना मात्र दुसऱ्या दिवशी उठून काहीतरी करावं लागायचं. हे दोन्ही वाचलंत तरच पूर्ण चित्र.

परदेशी क्लासिक वाचत असाल तर

हीच वही चालते, फक्त नजर थोडी तिरकी ठेवायची. टॉलस्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’ सुरू कशी होते बघा, ॲनाचा भाऊ स्टिवा बाहेर भानगड करतो, घरात बायकोला कळतं, आणि ॲना येते ती भाऊ आणि वहिनी यांच्यात समेट घडवायला. समेट होतो. स्टिवा पुढे मजेत, त्याची नोकरी, मित्र, जेवणावळी सगळं चालू. तसंच प्रेम पुढे ॲना करते आणि तिला मुलगा गमवावा लागतो, लोक तोंड फिरवतात, शेवटी ती जीव देते. बहीणभावांची ही दोन खाती समोरासमोर मांडली की पुस्तकाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

‘जेन एअर’ १८४७ ची. सगळे जेनवर प्रेम करतात आणि नायकाने वरच्या मजल्यावर कोंडलेल्या त्याच्या पहिल्या बायकोला, बर्थाला, वेडी म्हणून विसरतात. तिला पूर्ण पुस्तकात स्वतःचं म्हणणं मांडायला मिळत नाही, तिच्याबद्दल जे कळतं ते तिला कोंडणाऱ्या नवऱ्याकडून. जीन ऱ्हीसने १९६६ मध्ये तिच्या बाजूने आख्खी कादंबरी लिहिली. हे तंत्र तुम्हीही वापरा, कुठल्याही क्लासिकमधला एक प्रसंग घ्या आणि त्यात जी बाई गप्प आहे तिच्या तोंडून एक पान लिहा. लेखक असायची गरज नाही. मुलांकडून करून घ्या, मुलग्यांकडून तर नक्कीच.

आजशी जोडताना

इथे लोक दोन टोकांना जातात. एक टोक म्हणजे आता कुठे असं असतं. दुसरं म्हणजे काहीच बदललं नाही. दोन्ही आळशी उत्तरं आहेत. बदललंय, आणि ते कोणीतरी भांडून, शिव्या खाऊन बदलवलंय, त्यांचं श्रेय घालवू नका. आज मुली शिकतायत, केशवपन गेलं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती, साधारण पाचात एक. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही असा ठराव केला तो मे २०२२ मध्ये, त्याच महिन्यात सरकारने बाकी गावांनाही तसं आवाहन केलं. यमूच्या कादंबरीनंतर जवळजवळ एकशेतीस वर्षांनी हा ठराव करायची गरज पडली आणि एका गावाने तो केला, दोन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहून ठेवा.

जोडायची पद्धत अशी. कादंबरीतला एक प्रसंग घ्या, त्यातली रूढी खोडून टाका, आणि उरलं काय ते वाचा. केशवपन खोडा. उरतं की एका बाईच्या शरीराबद्दलचा निर्णय तिला न विचारता, तिच्या भल्यासाठी म्हणून, घराची अब्रू पुढे करून घेतला गेला. आता हे वाक्य घेऊन आजच्या घरात फिरा. मुलगी कुठल्या शहरात शिकेल, मोबाईलचा पासवर्ड कोणाला सांगायचा, लग्नानंतर नाव काय, दुसऱ्यांदा मुलगी झाली तर पुढे काय, घटस्फोट झालेल्या बहिणीने सणाला पुढे यायचं का मागे बसायचं. जिथे वाक्य लागू पडेल तिथे खूण करा, जिथे पडणार नाही तिथे ओढूनताणून लावू नका. प्रत्येक भांडण म्हणजे छळ नव्हे, आणि तसं म्हटलं की खऱ्या छळाचं वजन कमी होतं.

बिनपगारी कामाचं पानही असंच काढा. जुन्या कादंबऱ्यांत बाईचा दिवस पहाटे सुरू होऊन सगळे झोपल्यावर संपतो आणि लेखक ते सहज एका ओळीत सांगून पुढे जातो. २०१९ च्या देशपातळीवरच्या वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा रोजचा त्यावरचा वेळ २९९ मिनिटं निघाला, आणि जे पुरुष असं काम करतात त्यांचा ९७. तुमच्या घरात एक आठवडा कागद फ्रिजवर लावून मिनिटं लिहा, वाद घालू नका, नुसती लिहा.

चारचौघांत वाचायचं असेल तर

एकटीने वाचण्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून वाचलेलं जास्त उपयोगी, आणि त्यात पुरुष हवेतच. एका वेळी एकच प्रकरण. एकाने मोठ्याने वाचायचं, मग तो चार प्रश्नांचा कागद, मग बोलणं. पुरुषांना कोर्टात उभं केल्यासारखं करू नका, त्यांना एकच काम द्या, या प्रसंगात तू असतास तर कुठल्या जागी असतास, आणि तिथून काय करता आलं असतं. हे उत्तर देताना माणसं खरंच विचार करतात. सासू आणि सून एकाच गटात असतील तर आधी रमाबाई रानडे घ्या, यमू नंतर, कारण रमाबाईंच्या आठवणींवर बोलताना कोणाला आपल्यावर बोट रोखल्यासारखं वाटत नाही, निदान पहिल्या बैठकीला तरी.

आणि एक तयारी ठेवा. अशा वाचनात कधीतरी कोणीतरी पुस्तकाबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलायला लागतं. तेव्हा पुस्तक बाजूला. सल्ले सुरू करू नका, तू आधी का नाही सांगितलंस असं तर मुळीच विचारू नका, ती जे सांगतेय ते आधी खरं माना. त्या खोलीतलं बोलणं बाहेर जाणार नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घ्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर काहीच टाकायचं नाही. मारहाण किंवा जिवाला धोका असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीसाठी ११२, लहान मुलीचं लग्न लावतायत असं कळलं तर १०९८, हे तीन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतो, तिच्याबरोबर तिथपर्यंत जायची तयारी गटातल्या एकीची तरी असावी.

यमू संपली की लगेच ‘कळ्यांचे निःश्वास’ घ्या. १९३३ चा कथासंग्रह, लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर, जे टोपणनाव होतं आणि ही बाई कोण यावरून मोठी खळबळ उडाली होती, नंतर कळलं त्या मालतीबाई बेडेकर. यातल्या मुली शिकलेल्या आहेत, नोकरी करतात, पगार घरी आणतात, म्हणजे यमूला जे मिळालं नाही ते सगळं यांच्याकडे आहे. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ ही कथा आधी वाचा, आणि तेच चार प्रश्न त्या मिळवत्या मुलीला लावून बघा, पैसा कोणाच्या हातात आहे इथून सुरुवात करा.